सांधेरोपणाआधीचा नाकातला स्वॅब : शस्त्रक्रियेच्या तारखेपासून उलटं मोजत

गुडघा किंवा खुबा बदलायची तारीख ठरली की रुग्णालयातून तपासण्यांची एक लांबलचक यादी हातात पडते. रक्त, साखर, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे. पुण्यातल्या बऱ्याच रुग्णालयांच्या यादीत आता आणखी एक ओळ असते : ‘नेझल स्वॅब, एमआरएसए’, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकला न जुमानणारा एक जंतू नाकात आहे का ते बघणारी तपासणी. काडी नाकात फिरवायला अर्धं मिनिटही लागत नाही, म्हणून या ओळीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. मग रिपोर्ट शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी येतो, फाइलला टाचला जातो आणि कुणीही न वाचता ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत पोचतो.

रुग्णाचे घरचे लोक आणि लहान रुग्णालयांतल्या सिस्टर, निवासी डॉक्टर (आरएमओ) अशा दोघांसाठी हे लिहिलं आहे. पहिला नियम असा की रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय वेगळं करायचं, कोण करणार आणि त्याला किती दिवस लागतील, हे आधी ठरवा आणि मगच स्वॅब घ्या. ते ठरलेलं नसेल तर स्वॅबचे पैसे वाया जातात.

कशाचा शोध घ्यायचा

शंभरातल्या साधारण वीस ते तीस निरोगी माणसांच्या नाकाच्या पुढच्या भागात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू राहतो. एरवी तो काही करत नाही. सांध्यात धातू आणि प्लास्टिक बसवलं की मात्र चित्र बदलतं. टाकीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो, तसा हा जंतू इम्प्लांटवर थर धरतो. त्या थराच्या आत ना पांढऱ्या पेशी नीट पोचतात, ना अँटिबायोटिक. त्यामुळे एरवी शरीराने सहज निपटले असते इतके थोडे जंतूही इथे पुरतात. पहिल्यांदा बदललेल्या सांध्यांपैकी एक ते दोन टक्के सांध्यांत संसर्ग होतो. आकडा लहान वाटतो, पण ज्याच्या वाट्याला हे येतं त्याचा इम्प्लांट बऱ्याचदा काढावा लागतो, जागी अँटिबायोटिक भरलेल्या सिमेंटचा स्पेसर बसतो, साधारण सहा आठवडे औषधं चालतात आणि मग पुन्हा मोठी शस्त्रक्रिया होते. या संसर्गांत स्टॅफिलोकोकस घराण्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे आणि ऑरियसच्या बाबतीत जंतू बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्याच नाका-कातडीवरून आलेला असतो.

एमआरएसए, म्हणजे ‘मेथिसिलिन-रेझिस्टंट स्टॅफिलोकोकस ऑरियस’, हा याच जंतूचा हट्टी भाऊ. नावातलं मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आलं, त्याला न जुमानणारे जंतू १९६१ साली इंग्लंडमध्ये नोंदले गेले. आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ची, म्हणजे त्यानंतर सातच वर्षांत जंतूंनी पुढची पायरी चढल्याची नोंद झाली. मेथिसिलिन आता कुणी वापरत नाही. नाव तेवढं राहिलं. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की शस्त्रक्रियेआधी दिलं जाणारं नेहमीचं सेफाझोलिन किंवा सेफ्युरॉक्झिम या जंतूवर चालणार नाही.

म्हणून स्वॅबकडून दोन उत्तरं हवीत. ऑरियस आहे का, आणि असेल तर मेथिसिलिनला दाद देतो का. दाद देणाऱ्याला एमएसएसए म्हणतात. फक्त एमआरएसए शोधणं ही अर्धी तपासणी झाली, कारण साध्या ऑरियसचे वाहक, म्हणजे आजारी नसूनही तो जंतू नाकात बाळगणारे, संख्येने कितीतरी जास्त असतात आणि त्यांनाही नाकात लावायच्या अँटिबायोटिक मलमाचा आणि जंतुनाशक लिक्विडच्या आंघोळीचा फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हाडांच्या आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी, ज्याच्या नाकात ऑरियस असल्याचं माहीत आहे त्याला २ टक्के म्युपिरोसिन (हेच ते नाकाचं मलम) द्यावं, अशी शिफारस केली. त्यात एमआरएसए आणि एमएसएसए असा भेद नाही.

ईएसबीएल (बरीच अँटिबायोटिकं निकामी करणारं एन्झाइम बनवणारे जंतू), कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमसारख्या राखीव अँटिबायोटिकांना न जुमानणारे जंतू वगैरे आतड्यातल्या जंतूंसाठी गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा का, असं अधूनमधून विचारलं जातं. सांधेरोपणासाठी सरसकट घेऊ नये. आपल्याकडे असे जंतू बऱ्याच निरोगी माणसांच्या आतड्यात सापडतील, आणि नाकासारखी आतड्याची सफाई करायची सिद्ध पद्धत नाही. दुसऱ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून थेट आलेल्या रुग्णाला वेगळं ठेवायचं का, हे ठरवण्यापुरता त्याचा उपयोग आहे.

लघवीच्या कल्चरचं प्रकरण

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त अँटिबायोटिक इथेच वाया जातं.

नेहमीचं चित्र असं : सत्तरीच्या आजी, लघवीची काहीही तक्रार नाही. यादीत आहे म्हणून कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायची तपासणी केली. रिपोर्ट येतो, ई. कोलाय, एक लाखाहून जास्त, ईएसबीएल. घरात घबराट उडते. कुणीतरी मेरोपेनेमची सात दिवसांची इंजेक्शनं सुरू करतं, पुन्हा कल्चर, पुन्हा तेच, तारीख तीन आठवडे पुढे. तोवर आजींचं चालणं आणखी कमी झालेलं असतं, जुलाब लागलेले असतात आणि आतड्यात पहिल्यापेक्षा हट्टी जंतू बसलेले असतात.

वयस्क बायकांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. लक्षणं नसताना त्यांच्यावर उपचार केल्याने सांध्याचा संसर्ग कमी होत नाही. पुढे सांधा बिघडलाच तरी त्यातला जंतू सहसा लघवीतल्यापेक्षा वेगळा निघतो. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांतही, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडली तर इतर नियोजित शस्त्रक्रियांआधी अशी तपासणी आणि असे उपचार करू नयेत, असंच सांगितलं आहे. लघवीला जळजळ, सारखी लागणं, ताप, ओटीपोटात दुखणं यांपैकी काही असेल तर कल्चर जरूर करावं, उपचार पूर्ण करावेत आणि मगच तारीख घ्यावी. नसेल तर यादीतली ती ओळ का आहे, हे सर्जनना विचारायला हरकत नाही.

सगळ्यांचा स्वॅब घ्यायचा की निवडक लोकांचा

ज्यांचा घ्यायलाच हवा ते असे : गेल्या वर्षभरात रुग्णालयात, विशेषतः आयसीयूत राहिलेले, डायलिसिसवर असलेले, लघवीची नळी असलेले, वृद्धाश्रमात राहणारे, पूर्वी एमआरएसए सापडलेले, सोरायसिस किंवा इसब असलेले, संधिवातासाठी स्टिरॉइड किंवा बायोलॉजिक औषधं घेणारे, आधीच्या इम्प्लांटला संसर्ग झालेले, आणि स्वतः रुग्णालयात काम करणारे. परिचारिका, वॉर्डबॉय, मावशी, घरी जाऊन रुग्णसेवा करणारे ब्युरोचे लोक यांना प्रश्नावलीत कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

आमचं मत सगळ्यांचा घ्यावा असं आहे, कारण वर सांगितलेल्या यादीत न बसणाऱ्या माणसाच्या नाकातही ऑरियस असतोच. काही ठिकाणी स्वॅब न घेता सगळ्यांनाच मलम आणि आंघोळ देतात. ते सोपं आहे, स्वस्तही आहे. त्यात दोन अडचणी आहेत. म्युपिरोसिन सरसकट वापरलं की त्याला न जुमानणारे जंतू वाढतात. आणि एमआरएसए कुणाकडे आहे हे कळतच नाही, त्यामुळे ओटीतलं अँटिबायोटिक बदलता येत नाही. सरसकटच करायचं असेल तर नाकासाठी म्युपिरोसिनऐवजी पोव्हिडोन-आयोडीनचं नाकासाठी बनवलेलं द्रावण शस्त्रक्रियेच्या दिवशी वापरणं जास्त शहाणपणाचं.

तारीख उलटी मोजा

समजा शस्त्रक्रिया सोमवारी २४ तारखेला आहे. नाकाचं मलम पाच दिवस, दिवसातून दोनदा, म्हणजे बुधवार १९पासून रविवार २३च्या रात्रीपर्यंत दहा वेळा. बुधवारी सकाळी सुरू करायचं तर औषध मंगळवारी घरात हवं आणि रिपोर्ट सोमवारी १७ला हातात हवा. साध्या कल्चरला ४८ ते ७२ तास लागतात. मधे रविवार आला, नमुना शनिवारी संध्याकाळी कलेक्शन सेंटरवर पोचला, की त्यात दीड दिवस मिळवा. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी पेठांतून नमुना उचलायला कुणी येईल या भरवशावर राहू नका. दिवाळीतही तेच.

म्हणून स्वॅब ३ ते १० तारखेच्या दरम्यान घ्यावा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या दोन ते तीन आठवडे आधी. भूलतज्ज्ञांच्या तपासणीसाठी, म्हणजे पीएसीसाठी रुग्ण येतो तोच दिवस सोयीचा. जुन्नर, भोर, बारामती किंवा साताऱ्याहून येणाऱ्यांना स्वॅबसाठी वेगळी खेप पडू नये, ते याने साधतं. फार आधी घेण्यातही अर्थ नाही. नाकातले रहिवासी बदलतात. महिन्याहून जुना रिपोर्ट असेल किंवा मधे रुग्ण कुठे भरती झाला असेल तर नवा स्वॅब घ्या. मलमाचंही तसंच : सफाई केलेल्या नाकात काही आठवड्यांत जंतू परत येतात. पाच दिवस पूर्ण झाल्यावर तारीख दोन-चार आठवडे पुढे गेली, तर सगळं पुन्हा करावं लागेल.

पीसीआरचं उत्तर यंत्रावर एक-दोन तासांत मिळतं, पण ते महाग आहे. पडलेल्या रुग्णाचा खुबा तातडीने बदलायचा असेल तर ते योग्य. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला कल्चर पुरतं.

याच भेटीत कातडी बघून घ्या. नुसता गुडघा बघून भागत नाही. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, टाचांच्या खोल भेगा, नखुरडं, मांडीतलं केसतोड, नडगीवरची न भरणारी जखम, किडलेल्या दातामुळे हिरडीला आलेली गाठ. यांतलं काही चालू असेल तर आधी ते बरं करायचं, तारीख नंतर. गेल्या तीन महिन्यांत त्याच गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते सर्जनना आपणहून सांगा. ते दुसऱ्या डॉक्टरांकडे घेतलेलं असतं आणि लोक संकोचाने बोलत नाहीत. मधुमेह असेल तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी बघून घ्या. साडेसात-आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात, आणि ते बरोबर आहे.

स्वॅब कसा घ्यायचा

रुग्णाने त्या दिवशी सकाळपासून नाकात काही घातलेलं नको. यात अणुतेलाचं किंवा साजूक तुपाचं नस्य आलं, सर्दीचा स्प्रे आला आणि तपकीरही आली. गेल्या दोन आठवड्यांत दातासाठी, खोकल्यासाठी कुठलंही अँटिबायोटिक घेतलं असेल तर स्वॅब शक्यतो पुढे ढकला. तेवढा वेळ नसेल तर फॉर्मवर औषधाचं नाव आणि तारीख लिहा, कारण अशा वेळी निगेटिव्ह रिपोर्टवर फार विसंबता येत नाही. बाईंच्या नाकात चमकी असेल तर ती काढून ठेवायला सांगा.

निर्जंतुक काडीचा कापूस निर्जंतुक सलाईनच्या थेंबाने ओला करा. कोरडी काडी टोचते, रुग्ण मान मागे घेतो आणि नमुना नीट येत नाही. काडी नाकपुडीत एक ते दीड सेंटिमीटर आत घाला. कोविडच्या स्वॅबची आठवण बऱ्याच जणांच्या मनात ताजी असते, म्हणून आधीच सांगा की तितकं खोल जायचं नाही. मधल्या पडद्याला आणि नाकपुडीच्या आतल्या भिंतीला हलकं दाबून काडी पाच वेळा फिरवा. तीच काडी दुसऱ्या नाकपुडीत तशीच फिरवा. मग ती ट्रान्सपोर्ट मीडियमच्या नळीत घालून बाहेरचा भाग तोडा आणि झाकण घट्ट लावा. नळीवर नाव, तारीख, वेळ आणि नमुन्याची जागा तिथल्या तिथे लिहा. नमुना २४ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे.

नुसत्या नाकाच्या स्वॅबमधून काही वाहक निसटतात. वर सांगितलेल्या जास्त जोखमीच्या रुग्णांत दुसऱ्या काडीने जांघेतून किंवा काखेतून, शक्य असल्यास घशातूनही नमुना घ्यावा. न भरणारी जखम असेल तर तिचा वेगळा. प्रत्येक जागेची नळी वेगळी.

फॉर्मवर काय लिहायचं

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. फॉर्मवर ‘नेझल स्वॅब, कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी’ एवढंच लिहिलं जातं. लॅबचा तंत्रज्ञ तो नमुना आजारी नाकाचा समजून बघतो, ऑरियस थोडा दिसला तरी तो तिथला नेहमीचाच म्हणून सोडून देतो आणि रिपोर्ट येतो, ‘नॉर्मल फ्लोरा’. लॅबची त्यात चूक नाही. तिला प्रश्नच वेगळा विचारला होता.

फॉर्मवर स्पष्ट लिहा : ‘सांधेरोपणापूर्वी वाहक तपासणी. स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे की नाही ते कळवावे, एमआरएसए आणि एमएसएसए दोन्ही. एमआरएसए असल्यास म्युपिरोसिनची संवेदनशीलता द्यावी.’ शस्त्रक्रियेची तारीख आणि पॉझिटिव्ह आल्यास कुणाला फोन करायचा तो नंबरही लिहा.

लॅबमध्ये काय होतं ते थोडक्यात. नमुना मॅनिटॉल सॉल्ट अगर किंवा क्रोमोजेनिक अगरच्या प्लेटवर पसरतात. मॅनिटॉलवर ऑरियसच्या वसाहतींभोवती माध्यम गुलाबीचं पिवळं होतं. कोअॅग्युलेज तपासणीने ओळख पक्की करतात. मग प्लेटवर ३० मायक्रोग्रॅम सेफॉक्झिटिनची चकती ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजतात. २२ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर साधा ऑरियस, २१ किंवा कमी असेल तर एमआरएसए. म्युपिरोसिनसाठी २०० मायक्रोग्रॅमची चकती असते. तिच्याभोवती वर्तुळच उमटलं नाही तर ते मलम त्या नाकात चालणार नाही.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लोकांना चकवते. यंत्रावर केलेल्या रिपोर्टमध्ये ‘सेफॉक्झिटिन स्क्रीन : पॉझिटिव्ह’ असं येतं. घरचे लोक त्याचा अर्थ ‘हे औषध चालतं’ असा काढतात. अर्थ बरोबर उलटा आहे : जंतू एमआरएसए आहे. ‘ऑक्झासिलिन : आर’ (आर म्हणजे औषध चालत नाही) याचाही अर्थ तोच. खाली पंधरा औषधांची यादी आणि त्यांतल्या काहींपुढे ‘एस’ (औषध चालतं) असेल, म्हणून त्यांतली एखादी गोळी सुरू करू नका. हा आजार नाही, मुक्काम आहे. वाहकाला पोटातून अँटिबायोटिक द्यायचं नसतं.

पॉझिटिव्ह आला म्हणून शस्त्रक्रिया रद्द होत नाही. घरातल्या नातवंडांना आजीपासून लांब ठेवायचीही गरज नाही, आणि सगळ्या घराचे स्वॅब काढत बसण्याचीही नाही.

पाच दिवस : नाक

२ टक्के म्युपिरोसिनचं मलम केमिस्टकडे सहज मिळतं, पण ते बहुतेकदा कातडीवरच्या जखमांसाठीचं असतं. त्याचा पाया पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो नाकाच्या आत चुरचुरतो, म्हणून रुग्ण दुसऱ्या दिवशी बंद करतो. नाकासाठीचं मलम पांढऱ्या मऊ पॅराफिनमध्ये बनवलेलं असतं. चिठ्ठीवर ‘नेझल’ असं ठळक लिहून घ्या आणि घेताना ट्यूबवरचा मजकूर वाचा. जवळच्या दुकानात नसेल तर मागवून घ्यायला एक-दोन दिवस हातात हवेत. वर रिपोर्ट आणि औषध यांच्यामध्ये एक दिवस सोडला आहे तो त्यासाठीच, आणि कधीकधी तोही पुरत नाही.

आधी नाक शिंकरून घ्या, हात धुवा. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं मलम स्वच्छ इअरबडवर घेऊन एका नाकपुडीत आतल्या बाजूला लावा, दुसऱ्या नाकपुडीला नवा बड. मग दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून मिनिटभर हलके चोळा. थोड्या वेळाने घशात मलमाची चव आली म्हणजे ते नीट पसरलं. सकाळी आणि रात्री, पाच दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दहा खुणा करा.

दहापैकी शेवटची एक-दोन खूण हमखास चुकते. रुग्ण आदल्या दिवशी भरती होतो, मलम पिशवीत राहतं, रुग्णालयाच्या औषधांच्या तक्त्यावर ते नसतं आणि त्यामुळे सिस्टर देत नाहीत. भरती होताना मलम सिस्टरांच्या हातात द्या आणि तक्त्यावर लिहून घ्या.

म्युपिरोसिन चालत नसेल तर पोव्हिडोन-आयोडीनचं नाकाचं द्रावण हा पर्याय. थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगायला हवं.

पाच दिवस : आंघोळ

४ टक्के क्लोरहेक्सिडिनचं लिक्विड रोज एकदा आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी पुन्हा. एका आंघोळीला साधारण २५ मिली. दोनदा केस धुणं धरून २०० मिलीच्या आसपास लागतं.

आपल्याकडे डेटॉल-सॅव्हलॉनची सवय असल्याने बहुतेक जण दोन झाकणं बादलीत ओततात आणि तांब्याने अंगावर घेतात. पंधरा-वीस लिटर पाण्यात २५ मिली म्हणजे औषध इतकं पातळ होतं की त्याचा उपयोग उरत नाही. बादली बाजूला ठेवा. आधी साध्या पाण्याने अंग ओलं करा, पाणी थांबवा. लिक्विड थेट हातावर किंवा स्वच्छ ओल्या कापडावर घेऊन मानेपासून खाली चोळा. फेस फार येत नाही, म्हणून लोक जास्त ओततात. गरज नसते. काखा, जांघा, बेंबी, स्तनांखालची आणि पोटाच्या वळीखालची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या, जोडव्यांखालची कातडी. दोन मिनिटं तसंच राहू द्या, घड्याळ लावून. मग धुवून टाका. डोळे, कान, तोंड आणि गुप्तांगाच्या आतल्या भागात जाऊ देऊ नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर केस धुताना जास्त जपा, हे औषध आतल्या कानाला घातक आहे.

त्यानंतर साबण लावू नका. नेहमीच्या साबणाने क्लोरहेक्सिडिनचा असर मारला जातो. साबण हवाच असेल तर आधी लावून पूर्ण धुवून टाका. आंघोळीनंतर पावडर, क्रीम, खोबरेल, महानारायण तेल, गुडघ्यावरचा लेप, सगळं त्या पाच दिवसांपुरतं बंद. तेलाच्या मालिशची वर्षानुवर्षांची सवय मोडायला आजोबा तयार नसतात. तरी हे पाळायला लावा.

रोज धुतलेला टॉवेल, धुतलेले कपडे, आणि निदान पहिल्या व शेवटच्या दिवशी पलंगावर नवी चादर. पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत, तेव्हा इस्त्री फिरवा. पांढऱ्या कपड्यांना ब्लीच लावू नका. क्लोरहेक्सिडिन राहिलेल्या जागी तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. अंगावर पुरळ, गांधी किंवा खाज आली तर बंद करून डॉक्टरांना कळवा. क्वचित कुणाला तीव्र अॅलर्जी होते आणि ती भूलतज्ज्ञांना आधी माहीत असलेली बरी.

गुडघ्यावरचे केस घरी किंवा न्हाव्याकडून वस्तऱ्याने काढू नका. वस्तऱ्याचे न दिसणारे ओरखडे हीच जंतूंची वाट. काढायचेच असतील तर शस्त्रक्रियेआधी थोडा वेळ रुग्णालयात क्लिपरने.

ज्यांचा स्वॅब निगेटिव्ह आहे त्यांना मलम नको. आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी स्वच्छ आंघोळ पुरते.

ओटीतलं औषध आणि घड्याळ

साध्या ऑरियसच्या वाहकाला अँटिबायोटिक बदलायची गरज नाही. सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम, छेद देण्याआधी तासाभराच्या आत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत मांडीला टूर्निके, म्हणजे रक्त अडवणारा फुगवायचा पट्टा बांधतात, म्हणून सगळं औषध पट्टा फुगवण्याआधी आत गेलेलं असावं. नंतर दिलं तर ते पट्ट्याच्या वरच अडतं. शस्त्रक्रिया चार तासांच्या पुढे लांबली तर दुसरा डोस. ‘पेनिसिलिनची अॅलर्जी’ एवढी नोंद बघून सेफाझोलिन लगेच टाळू नका, काय झालं होतं ते नीट विचारा. बहुतेकांना ते चालतं.

एमआरएसए असेल तर व्हँकोमायसिन लागतं, किलोमागे १५ मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला साधारण १ ग्रॅम. हे औषध भरभर देता येत नाही. एका ग्रॅमला किमान एक तास, नाहीतर चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. घोटाळा इथेच होतो. रुग्ण ओटीत गेल्यावर बाटली टांगली जाते, दहा मिनिटांत छेद दिला जातो आणि औषध निम्मंही आत गेलेलं नसतं. म्हणून ते वॉर्डातच, छेदाच्या दोन तास आधीपासून सुरू करायचं. कागदावर ‘प्री-ऑप व्हँको’ असं न लिहिता घड्याळातली वेळ लिहा : ‘७ वाजता सुरू, ८ वाजता संपवणे’. आणि सेफाझोलिन बंद करू नका, दोन्ही द्या. साध्या ऑरियसवर व्हँकोमायसिन सेफाझोलिनइतकं जोरकस नाही. मूत्रपिंडं कमकुवत असतील तर फिजिशियनशी बोलून ठरवा.

शस्त्रक्रियेनंतर ही औषधं २४ तासांपुढे चालू ठेवायची नाहीत. टाके काढेपर्यंत गोळ्या देण्याची पद्धत अजून दिसते. त्याने संसर्ग कमी होत नाही.

वेळ असेल तर एमआरएसए वाहकाचा स्वॅब उपचार संपल्यावर निदान ४८ तासांनी पुन्हा घेता येतो. तो निगेटिव्ह आला तरी व्हँकोमायसिन द्यावं. शक्य असल्यास अशा रुग्णाला वेगळी खोली, प्रत्येक स्पर्शाआधी आणि नंतर हात स्वच्छ, ड्रेसिंगची ट्रॉली वेगळी.

घरी गेल्यावर आठवडा उलटूनही जखम पाझरत असेल, टाका उघडत असेल, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं असेल, तर आधी सर्जनना दाखवा. जवळच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिकची गोळी सुरू करून मग चार दिवसांनी येणं सगळ्यात वाईट. सांध्यातलं पाणी काढून कल्चर करायच्या आत गोळी गेली की जंतू लपतो आणि कुठलं औषध चालेल ते कळेनासं होतं.

डिस्चार्ज कार्डावर स्वॅबचा निकाल, म्युपिरोसिनच्या तारखा आणि ओटीत काय दिलं ते लिहून घ्या. पुष्कळांचा दुसरा गुडघा काही महिन्यांत होतो, कधी दुसऱ्याच रुग्णालयात. तेव्हा जुना निगेटिव्ह रिपोर्ट चालत नाही, स्वॅब नव्याने घ्यायचा. जुना एमआरएसए पॉझिटिव्ह रिपोर्ट मात्र चालतो : नवा काहीही आला तरी व्हँकोमायसिनची वेळ कागदावर लिहायचीच.